जुन्या माया वस्त्रांपासून घरसजावट: कारागिरांच्या सोबतीनं, कात्री जपून

मध्य अमेरिकेतल्या ग्वातेमाला देशात चिचिकास्तेनांगो गावाचा बाजार गुरुवारी आणि रविवारी भरतो. भाजी, फुलं, मेणबत्त्या, लाकडी मुखवटे ओलांडून पुढं गेलं की जुन्या कपड्यांचे ढीग लागतात. त्यांत सगळ्यात जास्त असतात विपील. विपील म्हणजे माया, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी समाजाच्या, बायका डोक्यातून घालतात तो हातविणीचा, सैल, चौकोनी पोलका. गावागावाचा विपील वेगळा असतो. यातले पुष्कळसे पुढं कुशनचे अभ्रे, बॅगा, बूट, खुर्च्यांची आसनं होऊन परदेशी जातात.

हे काम चांगलं करता येतं आणि फार वाईटही करता येतं. फरक शिलाईत कमी, क्रमात जास्त पडतो. बहुतेक जण आधी कापड घेतात, मग वस्तू ठरवतात आणि शेवटी शिवणारं माणूस शोधतात. क्रम उलटा हवा: आधी माणसं, मग कापड, वस्तू सगळ्यात शेवटी. आणि सगळ्यांवर एक अट. जो विपील अजून अंगावर घालता येतो त्याला कात्री लावायची नाही. कुठला घालण्यापलीकडे गेलाय हे विणणाऱ्या बाईनं सांगायचं, आपण नाही.

कापड ओळखायला शिका

विपील बहुधा कंबरमागावर विणलेला असतो. मागाचं एक टोक झाडाला किंवा खांबाला, दुसरं विणणारीच्या कमरेच्या पट्ट्याला. ताण तिच्या अंगाचा. आपल्या ईशान्य भारतात असे माग आजही चालतात. अशा मागावरचं कापड हात पोचेल तेवढंच रुंद होतं, त्यामुळे एका विपीलमध्ये दोन किंवा तीन पट्ट्या शेजारी-शेजारी जोडलेल्या असतात. चारही बाजूंना विणीचाच काठ दिसला, कुठंही कापलेली कड नसली, तर कापड कंबरमागाचं समजा. दोन पट्ट्या जोडणारा जाड, रंगीत, भरतासारखा टाका असतो त्याला तिथं रांदा म्हणतात. त्याच्याबद्दल पुढं सांगतो.

नक्षी बहुतेक वेळा भरतकाम नसते. विणतानाच जादा बाणा, म्हणजे आडवा धागा, घालून ती उठवलेली असते. औरंगाबादचा हिमरू ज्यांनी उलटून पाहिलाय त्यांना हा प्रकार लगेच कळेल. मागच्या बाजूला धाग्यांचे पूल लोंबतात. सान आन्तोनिओ आग्वास कालिएंतेस या काक्चिकेल (एक माया समाज) गावातल्या काही विपीलांवर मात्र नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. उलट, पात्सून किंवा सांतियागो आतित्लानकडचे विपील विणलेल्या कापडावर सुईनं भरलेले असतात. हा फरक कापताना महत्त्वाचा ठरतो.

कोर्ते, म्हणजे कमरेभोवती गुंडाळायचा लांब घागरा, पायमागावरचा असतो. हा माग स्पॅनिश लोकांनी आणला आणि तो मुख्यतः पुरुष चालवतात. कोर्ते पाच-सहा मीटर सहज भरतो, वीण घट्ट असते, आणि कित्येकांत हास्पे, म्हणजे धागे आधी बांधून रंगवून मग विणलेली इकत असते. साल्काहा गाव त्यासाठी नावाजलेलं आहे. घरसजावटीच्या दृष्टीनं खरा कामाचा माल कोर्ते आहे, पण नवखे लोक विपीलाच्या रंगांना भुलतात आणि कोर्त्याकडे बघत नाहीत. याशिवाय डोक्यावर घ्यायचं, पोर बांधायचं, भाकरी झाकायचं त्सुते हे चौकोनी कापड, आणि फाहा हा कमरपट्टा.

एक सावधगिरी. अलीकडे पॉलिएस्टरवर विपीलाची नक्षी छापून तयार पोलके विकले जातात. ते स्वस्त असतात आणि विणणाऱ्या बायकांचं पोट मारतात. उलटून बघा: मागची बाजू पांढरी किंवा फिकट असेल, धाग्यांचे पूल नसतील, तर ते छापील आहे.

शक्य असेल तर खरेदीआधी ग्वातेमाला शहरातलं इश्चेल वस्त्रसंग्रहालय बघा. गावोगावचे कपडे तिथं नीट मांडलेले आहेत. डोळा तयार व्हायला एक दिवस तिथं घालवणं बाजारातल्या दहा चकरांपेक्षा बरं.

भागीदार आधी

भागीदार दोन प्रकारचे लागतात आणि ते एकच असतील असं नाही: विणणाऱ्या बायकांचा गट, आणि शिलाईचं काम जाणणारा गट किंवा शिंपी. विणकरांच्या संस्था देशात बऱ्याच आहेत. केत्साल्तेनांगो शहरातली त्रामा तेक्स्तिलेस ही विणकर बायकांची सहकारी संस्था १९८८ पासून आहे. आतित्लान तळ्याकाठच्या सान ह्वान ला लागुना गावात नैसर्गिक रंगांवर काम करणारे बायकांचे गट आहेत. ज्यांच्याशी बोलाल त्यांना पहिलाच प्रश्न हा विचारा: जुने विपील कापून वस्तू करणं तुम्हाला मान्य आहे का? काही गट साफ नाही म्हणतात. त्यांच्याशी घासाघीस करू नका. त्यांच्याकडून नवं कापड विणून घ्या.

हा प्रश्न उगाच सोज्वळपणाचा नाही. सांतियागो साकातेपेकेसची आफेदेस ही स्त्रियांची संघटना आणि तिच्याबरोबरच्या विणकर बायका २०१६ मध्ये ग्वातेमालाच्या घटना न्यायालयात गेल्या. विणकामाच्या नक्ष्या ही समाजाची सामूहिक बौद्धिक मालमत्ता आहे, तिला कायद्याचं संरक्षण नाही, आणि कंपन्या ती विचारल्याशिवाय वापरतात, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढच्या वर्षी न्यायालयानं याबाबत कायदा करण्याचं संसदेला सुचवलं. विपीलाचे बूट आणि बॅगा करण्याविरुद्धही माया स्त्रिया उघडपणे बोलल्या आहेत. तुम्ही या कामात उतरताय ते ही चर्चा चालू असताना, हे लक्षात असू द्या.

बोलताना वयस्कर बाईला नावाआधी ‘दोन्या’ लावतात. आपल्या ‘ताई-मावशी’पेक्षा ते थोडं औपचारिक आहे, पण हवंच. तुमचं स्पॅनिश कितीही चांगलं असलं तरी समोरच्या बाईची भाषा किचे, काक्चिकेल, त्सुतुहिल, इशिल किंवा मामही असू शकते, आणि स्पॅनिश तिच्यासाठीही दुसरी भाषा असते. गटातलीच एखादी तरुण मुलगी दुभाषी म्हणून घ्या आणि तिच्या वेळेचे वेगळे पैसे द्या. बैठकीत होकार मिळाला तरी एक आठवडा थांबा. घरी जाऊन बोलल्यावर मतं बदलतात, आणि तो त्यांचा हक्क आहे.

लेखी काय हवं? अगदी पानभर: कापड कोण निवडणार, कापायला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार कुणाला, मजुरी तासावर की नगावर, आगाऊ किती, खराब निघालेल्या नगाचा भार कुणावर, फोटो आणि नावं कुठं वापरायची. आगाऊ रकमेबद्दल वर्ल्ड फेअर ट्रेड ऑर्गनायझेशनचं तत्त्व सरळ आहे: हस्तकलेच्या कामात कारागिरांनी मागितल्यास किमान ५० टक्के, बिनव्याजी. मी म्हणेन, मागण्याची वाट बघू नका.

खरेदी करताना

जुने विपील बाजारात का येतात याचं एकच उत्तर नाही. १९६० ते १९९६ या यादवी युद्धात डोंगराळ भागातली माया गावंच्या गावं उद्ध्वस्त झाली, आणि त्या काळात घरातली वस्त्रं मिळेल त्या भावानं गेली. आजही दवाखान्याचं बिल भरायला विपील विकला जातो. पण दरवेळी दुःखाचीच गोष्ट असते असं नाही. माया बायकांतही फॅशन बदलते. नव्या रंगाचा विपील घ्यायला जुना विकणारी बाई तिथं नेहमी भेटते, आणि तिच्याकडून योग्य भावानं घेण्यात गैर काही नाही.

म्हणून खरेदी भागीदार गटातून करा. गटातल्या बायकांनी आपल्या गावात, ओळखीत, फाटलेले-डागाळलेले विपील गोळा करायचे आणि त्यांचा भाव त्यांनीच ठरवायचा. व्यापाऱ्याच्या ढिगातून घ्यायची वेळ आली तर गटातल्या एकीला बरोबर घेऊन जा. ती जे बाजूला ठेवेल ते घेऊ नका, कितीही देखणं असलं तरी. कोफ्रादिया या धार्मिक मंडळांचे विधीचे विपील, लग्नातले विपील, लहान मुलांचे कपडे आणि खरोखर जुने, नैसर्गिक रंगांचे नग आपल्या कामाचे नाहीत. शिवाय १९९७ च्या सांस्कृतिक वारसा कायद्यानुसार वारसा म्हणून गणल्या जाणाऱ्या वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. नग फार जुना वाटला तर भागीदारांमार्फत संस्कृती मंत्रालयात विचारा किंवा सरळ सोडून द्या.

प्रत्येक नगाला घेतानाच कापडी चिठ्ठी टाका: गाव, कुणाकडून, कधी, किती केत्सालला (केत्साल हे तिथलं चलन). शाईच्या पेननं लिहू नका, ओलं झालं की डाग पडतो, पेन्सिल बरी.

तीन ढीग

आता निवड. जमिनीवर स्वच्छ चादर अंथरा, उजेडाकडे तोंड करून बसा, आणि एकेक विपील खिडकीसमोर धरा. विरलेलं कापड उजेडात लगेच दिसतं.

झीज ठरलेल्या जागी असते: गळ्याभोवती, काखेत, आणि खांद्याच्या घडीवर, जिथं डोक्यावरच्या किंवा पाठीवरच्या ओझ्याची दोरी घासते. खालचा हातभर भाग कोर्त्यात खोचलेला असतो, त्यामुळे त्याला ऊन लागत नाही. तिथला रंग वरच्यापेक्षा गडद राहतो, पण घड्यांच्या रेषा आणि कमरपट्ट्याचा ओरखडा असतो. दोन बोटांत कापड धरून हलकंसं ताणा. उभे धागे ‘चर्र’ करून सुटले तर ते ताण पडेल अशा कुठल्याही वस्तूला नालायक आहे. काळा आणि गडद तपकिरी धागा बाकीच्यांच्या आधी जातो. नक्षीत तेवढाच रंग गळून पडलेला दिसतो.

पहिला ढीग: दुरुस्त करून पुन्हा घालता येतील असे. हे रफू करून गटाकडे परत जातात, विकायला किंवा घालायला. बरेच व्यावसायिक हा ढीग करतच नाहीत, कारण याच्यात सगळ्यात चांगले रंग असतात. दुसरा ढीग: फाटलेले, डागाळलेले, एखादी पट्टी हरवलेले, पण मधला मोठा भाग धड असलेले. आपलं काम यांच्यावर. तिसरा ढीग चिंध्यांचा. तळहाताएवढेच तुकडे धड निघतील असे, तेही ठेवायचे.

ढीग गटातल्या दोन-तीन जणींनी करावेत, आणि तुम्ही त्यावेळी गप्प बसावं. हे अवघड जातं. एखादा झेंडूच्या रंगाचा, दुतोंडी गरुडाचा विपील पहिल्या ढिगात गेलेला बघून हात शिवशिवतात.

धुणं आणि कीड

जुन्या विपीलांना चुलीच्या धुराचा वास असतो. आठवडाभर सावलीत, वाऱ्यावर टांगले की बराचसा जातो. अत्तर, फवारे काही नको.

लोकरीचं काही असेल, उदाहरणार्थ मोमोस्तेनांगोचं ब्लँकेट किंवा लोकरी भरत, तर कसर लागलेली असू शकते. कापड प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडू नका, नाहीतर बाहेरची दमट हवा थंड कापडावर पाणी धरते. डांबराच्या गोळ्या टाकू नका. तो वास अभ्र्यातून कधीच जात नाही.

पाण्यात बुडवण्याआधी रंगाची परीक्षा. पांढऱ्या कापसाचा बोळा थंड पाण्यात भिजवून पिळा, मागच्या बाजूनं एका रंगावर अर्धा मिनिट दाबून धरा, मग बघा. प्रत्येक रंगाला वेगळा बोळा. लाल, जांभळा आणि गडद निळा यांच्यावर विशेष नजर ठेवा. बोळ्यावर रंग उतरला तर ते कापड धुवायचं नाही. फक्त जाळीच्या कापडावरून व्हॅक्यूम क्लीनर हलका फिरवून धूळ काढायची. मिठात किंवा व्हिनेगरमध्ये बुडवून रंग ‘पक्का’ होतो हा समज सोडून द्या. तयार कापडातला सुटणारा रंग त्यानं बांधला जात नाही.

रंग टिकला तर उथळ टबमध्ये थंड पाणी, सौम्य साबण, कापड जाळीवर सपाट. चोळायचं नाही, पिळायचं नाही, दाबायचं. रिठ्याचं पाणी गडद रंगांना चालतं, पांढऱ्या जमिनीवर मात्र आधी कोपऱ्यात बघा, पिवळट छटा येऊ शकते. शेवटचं पाणी पूर्ण साबणमुक्त हवं. टॉवेलात गुंडाळून पाणी टिपा आणि सावलीत आडवं वाळवा. ओलं कापड दोरीवर टांगलं तर स्वतःच्या वजनानं ते विरलेल्या जागी फाटतं.

इस्त्री उलट्या बाजूनं, वर मलमल ठेवून, कमी तापमानावर. गेल्या काही दशकांतल्या विपीलांत सुताबरोबर अॅक्रिलिकचा धागा सर्रास असतो. सुती इस्त्रीच्या तापमानाला तो चपटा होऊन चमकायला लागतो, आणि ती चमक परत जात नाही.

आधी आधार, मग कात्री

इथं घाई केली तर सगळं वाया जातं. जादा बाण्याची नक्षी कापली की तिचे धागे कडेपासून सुटायला लागतात आणि पहिल्या धुण्यात अर्धी फुलं गळतात. म्हणून कापण्याआधी कापडाला पाठबळ द्यायचं.

मांजरपाट किंवा जाडसर मलमल आधी धुऊन आटवून घ्या. विपील उलटा, त्यावर अस्तर, दोन्हींचे उभे धागे एका दिशेला. टाचण्या लावून दर दोन-तीन सेंटिमीटरवर सैल धावदोरा, नक्षीच्या मधल्या मोकळ्या जागेतून, म्हणजे पुढून टाका दिसत नाही. विरलेल्या जागी टाके जवळ-जवळ. बाजारात इस्त्रीनं चिकटणारं अस्तर मिळतं आणि त्यानं हे काम पाच मिनिटांत होतं. मी ते जुन्या कापडाला वापरणार नाही: गोंद सैल विणीतून वर येतो, कापड पुठ्ठ्यासारखं होतं, आणि उद्या कुणाला तो तुकडा सोडवून जपायचा असेल तर ते शक्य राहत नाही. टाके उसवता येतात.

आता मांडणी. समजा दोन पट्ट्यांचा विपील सपाट पसरल्यावर ८० सेंटिमीटर रुंद आणि १२० सेंटिमीटर लांब आहे, मध्ये गळा. ४५ सेंटिमीटरच्या अभ्र्याला शिलाईसकट ४८ बाय ४८ चा तुकडा लागतो. गळ्याच्या खालून एक आणि मागून एक असे दोन निघतात: ९६ सेंटिमीटर लांबी गेली, मधली २४ गळ्याची. दोन्ही कडांना १६-१६ सेंटिमीटरच्या पट्ट्या उरतात, त्या टेबल रनरच्या टोकांना. हे झालं धड विपीलाचं गणित. दुसऱ्या ढिगातल्या नगातून बहुधा एकच तुकडा निघतो. कागदाचा ४८ सेंटिमीटरचा चौकोन कापून त्याची खिडकी करा आणि ती विपीलवर सरकवत बघा, काय चौकटीत येतं ते.

दोन गोष्टी या वेळी पाहा. कापड खांद्यावरून मागं जातं, त्यामुळे सपाट पसरल्यावर काही विपीलांत एका बाजूचे पक्षी-प्राणी उलटे दिसतात, तर काहींत विणणारीनं मध्येच दिशा बदललेली असते. आणि रांदा उसवू नका. चौकोनाच्या बरोबर मध्यावर तो येईल असं मांडा. पट्ट्या काठाला काठ लावून त्यानं बांधलेल्या असतात, तिथं कापड सगळ्यात मजबूत असतं. रांदा टाळून ‘अखंड’ तुकडा शोधणारे ग्राहक असतात. त्यांना पायमागाचं नवं कापड दाखवा.

कापायची रेघ खडूनं आखा. रेघेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन मिलिमीटरवर मशीनची शिलाई, टाका बारीक, दोन मिलिमीटरचा. मग त्या दोन शिलायांच्या मधून कात्री. पहिली कात्री गटातली बाईच चालवते, असा शिरस्ता ठेवला तर कुठं चुकतंय ते ती आधीच सांगते.

अभ्रा

मागची बाजू जुन्या कापडाची करू नका. ती गटाकडून विणून घेतलेल्या नव्या कापडाची किंवा धड कोर्त्याची करा. जुनं कापड संपणारं आहे. दर अभ्र्यामागं अर्धा मीटर नवं कापड लागत असेल तर जुने विपील संपल्यावरही काम उरतं.

दोरा सुती घ्या. पॉलिएस्टरचा दोरा कापडापेक्षा मजबूत असतो, ताण आला की दोरा टिकतो आणि कापड फाटतं. सुती दोरा आधी तुटतो आणि शिवण पुन्हा घालता येते. सुई ९० नंबरची, टोकदार आणि नवी. शिलाईची जागा एक नव्हे, दीड सेंटिमीटर. आतल्या कडा पट्टीनं बांधून घ्या. चेन खालच्या बाजूला, आणि तिच्यावर झाकणपट्टी, म्हणजे धुताना दात कापडात अडकत नाहीत. कोपरे अगदी टोकदार काढायचा मोह होतो. जुन्या कापडाला थोडी गोलाई बरी.

आतली उशी अभ्र्याच्या मापाचीच. नव्या कापडाला दोन-तीन सेंटिमीटर मोठी उशी भरून टंच करतात, पण इथं तो ताण थेट शिवणीवर येतो.

बाकी काय करता येतं

खुर्चीचं आसन विपीलाचं करू नका. रोज बसण्यानं बाण्याचे पूल तुटतात आणि अंगठीत-बटणात अडकून ओढले जातात. आसनाला, बाकावरच्या गादीला, पडद्याला, पलंगपोसाला कोर्ते. पाच मीटर सलग कापड, घट्ट वीण, न दिसणारा मळ. हास्पेची नक्षी तर घडीतही छान दिसते. पडदा करताना आतून पांढरं अस्तर हवंच, नाहीतर खिडकीच्या रेषेत रंग उडतो.

टेबल रनरला त्सुते उत्तम, बहुतेक वेळा कापावाही लागत नाही. कडेला नुसती तुरपाई. अर्धवट फाटलेला पण सुंदर विपील न कापता पूर्णच भिंतीवर लावा: वरच्या कडेला मागून कापडी बोगदा शिवायचा, त्यात लाकडी दांडी. नक्षीला भोक पडत नाही, आणि उद्या तो विपील काढून घेता येतो. फाह्याचे पडदेबंद होतात, शिलाई शून्य.

तिसऱ्या ढिगातल्या चिंध्यांचं काय करायचं हे मराठी माणसाला सांगायला नको. गोधडी. तुकडे एकावर एक, वरून धावदोरा, कडेपासून आत. तिथल्या शिलाई-गटाला हा प्रकार दाखवायला हरकत नाही, पण मग ती वस्तू ‘माया परंपरा’ म्हणून विकू नका. गोधडी म्हणा.

पैशाचं गणित

दुकानातली किंमत आधी धरून मागं येत गेलं की सगळी काटछाट मजुरीत होते. पुढून या.

एका अभ्र्याचा वेळ घड्याळ लावून मोजा. उदाहरणादाखल: धुणं, वाळवणं, तपासणं पाऊण तास; रफू आणि अस्तर दीड तास; कापणं-शिवणं सव्वा तास; चेन, इस्त्री, शेवटची नजर अर्धा तास. झाले चार तास. आठ तासांच्या दिवसात दोन अभ्रे. वेळ गटातल्या मध्यम हाताच्या बाईचा धरायचा, सगळ्यात चपळ हाताचा नाही. नगावर मजुरी देणारे नेमकं उलट करतात. मग गटानं सांगितलेली दिवसाची मजुरी, जी ग्वातेमालाच्या त्या वर्षीच्या किमान वेतनाच्या खाली असूच शकत नाही, भागिले दोन. त्यात कापड, अस्तर, चेन, दोरा, वीज, गटाच्या निधीचा वाटा मिळवा. ढिगांची निवड, दुभाषी, बाजारात जाण्या-येण्याचा दिवस, हेही कामच आहे, त्याचा हिस्सा प्रत्येक नगावर बसतो. बिघडणाऱ्या नगांसाठी थोडी रक्कम वेगळी. वाहतूक आणि कर शेवटी.

आकडा मोठा येईल. तो आवडला नाही तर वस्तू साधी करा, लहान करा, कोर्त्याची करा. तास कमी झाले पाहिजेत, तासाचा दर नाही.

वेळेचंही बघा. मे-जूनमध्ये पाऊस सुरू होतो आणि ऑक्टोबरपर्यंत चालतो, तेव्हा डोंगरात कापड वाळायला दिवस लागतात. मक्याची पेरणी, काढणी आणि गावाच्या संताचा उत्सव असेल त्या आठवड्यात काम होत नाही. ही सगळी तारखांची यादी गटाकडून आधी घ्या आणि मगच दिवाळीची ऑर्डर कबूल करा.

भारतात आणताना

वापरलेल्या कपड्यांची भारतात व्यापारी आयात निर्बंधित आहे, परवान्याशिवाय होत नाही. म्हणजे जुने विपील गठ्ठ्यानं मागवून इथं शिवून घेण्याचा बेत कस्टम्समध्येच अडकतो. तयार शिवलेला घरसजावटीचा माल कस्टम्सच्या दरपत्रकात वेगळ्या शीर्षकांखाली येतो: अभ्रे ६३०४, टेबल रनर ६३०२, पडदे ६३०३. भरलेली उशी ९४०४ मध्ये जाते. जुन्या कापडाचा वापर बिलावर स्पष्ट लिहा, लपवू नका, आणि माल निघायच्या आधी कस्टम्स एजंटला नमुन्याचे फोटो दाखवून वर्गीकरण पक्कं करून घ्या. आयात-निर्यात कोड लागतोच. शिलाई तिथंच होणं कायद्यानंही सोयीचं पडतं, हे या कामाच्या पथ्यावर आहे.

अभ्रे रिकामे मागवा, वजन आणि भाडं वाचतं. भरायला इथं सावरीचा कापूस घ्या. ग्वातेमालाचा राष्ट्रीय वृक्ष सेइबा म्हणजे आपली पांढरी सावरच, तेव्हा भरणही परकं नाही. पॅकिंगमध्ये विपीलाची घडी नक्षीवर येऊ देऊ नका. कागदाची गुंडाळी करून तिच्यावर गुंडाळा. प्लास्टिकऐवजी मलमलची पिशवी, नाहीतर समुद्रमार्गे येताना दमटपणानं बुरशी धरते.

प्रत्येक नगाबरोबर छोटी चिठ्ठी: विपील कुठल्या गावचा, कुठल्या मागावरचा, आधी कशामुळे खराब होता, मागची बाजू कुठल्या गटानं विणली. जिनं शिवलं तिचं नाव तिनं सांगितलं तरच. मूळ विणणारी माहीत नसेल तर ‘विणणारी अज्ञात’ असं स्पष्ट छापा. तिच्या जागी रंजक गोष्ट रचू नका. धुण्याची सूचना एवढीच: थंड पाणी, हातानं, एकटंच, सावलीत आडवं. आणि वर्षातून एकदा अभ्रा उलटा करून शिवण बघायला सांगा. धागा सुटलेला दिसला की लगेच टाका घालायचा, किंवा परत पाठवायचा. दुरुस्तीचे पैसे विक्रीच्या किमतीत आधीच धरून ठेवलेले असावेत.